मागचे दिवे

आज बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला तिचे मूळचे मागचे दिवे परत बसले. मधल्या काळात लावलेले एलईडी काढले, तेव्हा पालघरच्या इलेक्ट्रिशियनला टेपखाली हिरव्या पडलेल्या तारा दिसल्या. तारापूरचा खारा वारा आणि पावसाळी ओल तांब्याला अशीच खाते.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा. दोष बल्बचा नव्हता, अर्थिंगचा होता. बॉडीला जोडणारा स्क्रू गंजला की करंट शेजारच्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधतो. पत्रा चमकेपर्यंत ती जागा घासली, सडलेल्या तारा बदलल्या, सांधे सोल्डर केले, दिव्यांखाली नवं रबरी पॅकिंग घातलं. आता २१/५ वॅटच्या बल्बमधली दोन्ही फिलामेंट्स आपापलं काम करतात. ५ वॅटचं अंधारात गाडी दाखवतं, २१ वॅटचं ब्रेक लागल्याचं सांगतं.

कुर्ल्यात घडलेल्या या गाडीचा चेहरामोहरा परत आला, याचा आनंद मोठा आहे. पण बोईसरच्या रस्त्यावर रात्री एमआयडीसीचे ट्रक मागे असतात, तेव्हा या लाल उजेडावर माणसांचे जीव अवलंबून असतात. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर पावसाळ्याआधी मागच्या दिव्यांचं अर्थिंग नक्की तपासून घ्या.