मी एम.एस.डब्ल्यू.चा अर्ज का भरला

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हाच माझं ठरलं होतं: एम.ए. क्लिनिकल, मग एम.फिल., मग दारावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी. समाजकार्याची पदवी म्हणजे बचत गट आणि एनजीओचे अहवाल, असं मी मैत्रिणींना सांगायचे. जरा नाक मुरडूनच.

पाटीचा मोह अगदीच पोकळ नव्हता. आपल्याकडे नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येतही एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र चार महिन्यांचा कोर्स केलेला माणूसही लावतो. त्या गर्दीत मला जायचं नव्हतं.

एम.फिल.चा भरवसाही अलीकडे राहिलेला नाही. 2020च्या शैक्षणिक धोरणानं ते बंद करायचं ठरवलं, 2022मध्ये यूजीसीनं ते नियमात आणलं आणि पुढे क्लिनिकल सायकॉलॉजी व सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना तेवढी 2025-26पर्यंत मुदत दिली. पण माझं मन बदललं ते यामुळे नाही. जागा कमी आहेत म्हणून वाट बदलली असती तर तसं कबूल करायला मला लाज वाटली नसती.

एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत मी काही महिने मदतनीस होते. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडम चाचण्या घेत ते मी डोळे विस्फारून बघायचे. एक बाई पुन्हा पुन्हा दाखल व्हायची. निदानाबद्दल शंका नव्हती, औषध फुकट मिळत होतं, तरी दर वेळी सगळं पहिल्यापासून. तिथल्या समाजसेविका ताईंनी तिला साधं विचारलं, ‘‘गोळ्या घरात कोणाकडे असतात?’’ सासूकडे. शेजारणीला दिसू नयेत म्हणून डब्यांमागे ठेवलेल्या, आणि ‘त्रास दिसला तरच’ काढायच्या. शिवाय ओपीडीला यायचं म्हणजे नवऱ्याचा एक दिवसाचा खाडा. ताईंनी पुढच्या खेपेला सासूलाच बोलावलं आणि बराच वेळ तिच्याशी बोलत बसल्या. सासू रडली, भांडली, मग गोळ्यांच्या वेळा नीट विचारून घेतल्या.

याला थेरपी म्हणायचं का? पूर्वी मी नाही म्हणाले असते.

मग जुनं वाचायला लागले. 1936मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, तेच आजचं टिस. दुसऱ्याच वर्षी तिथं मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक सुरू झालं. म्हणजे मनाचं काम समाजकार्याच्या घरात तेव्हापासूनच चालू आहे. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

एम.एस.डब्ल्यू.मध्ये उणं काय, तेही सांगते. मनोचिकित्सेच्या पद्धती तिथं वरवर शिकवतात. बुद्ध्यांकाच्या चाचण्या मला घेता येणार नाहीत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी मिळणार नाही. थेरपीचं प्रशिक्षण आणि सुपरव्हिजन मला नंतर पदरचे पैसे घालून मिळवावं लागेल. पण दोन्ही वर्षं दर आठवड्याला फील्डवर्क असतं. माणसाच्या घरी जाऊन उंबऱ्याच्या आत बसायची सवय होते, आणि ती मला वर्गात लागेल असं वाटत नाही.

बाबा म्हणाले, ‘‘इतकं शिकून समाजसेवा करणार?’’ आईनं फक्त पगार विचारला, आणि तिचा प्रश्न जास्त अवघड होता. माझी मैत्रीण क्लिनिकललाच गेली. तिला मुलांच्या चाचण्यांमध्ये मनापासून रस आहे, तिनं दुसरं काही घेऊच नये. मी मेडिकल अँड सायकिअ‍ॅट्रिक हे स्पेशलायझेशन असलेल्या कॉलेजांचेच अर्ज भरलेत. फीची सोय झाली आहे, नंतरच्या सुपरव्हिजनच्या पैशांचं अजून काही जमलेलं नाही.