त्सेत्से माशीच्या मुलखातून

एंटेबे, युगांडा

ती. आप्पांस,
व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोचले. इथून पूर्वेला बुसोगा आहे. १९०० नंतरच्या वीसेक वर्षांत त्या भागात निद्रारोगाने दोन लाखांहून अधिक माणसं नेली. रोगी दिवसा पेंगतो, रात्री तळमळतो, भ्रमिष्ट होतो आणि शेवटी शुद्धीवरच येत नाही. एंटेब्यातच आल्दो कास्तेलानींना रोग्यांच्या मणक्यातल्या पाण्यात परजीवी दिसला. १९०३ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा वाहक त्सेत्से माशी असल्याचं दाखवलं. पुढे गव्हर्नर हेस्केथ बेल यांनी काठची गावंच उठवली. माशीपासून माणसं वाचावीत म्हणून माणसांनाच घरं आणि मासेमारी सोडावी लागली.

तुमची लेक

अरुआ, युगांडा

ती. आप्पांस,
इथे वायव्य युगांडात माणसं जागच्या जागी आहेत आणि हटते आहे ती माशी. बसली की तिचे पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटतात. नर-मादी दोघंही रक्त पितात. मादी अंडी घालत नाही. पोटात एकच अळी वाढवून नऊ-दहा दिवसांनी ती जमिनीवर सोडते. पैदास इतकी संथ, की थोड्या माश्या मेल्या तरी वंश खुंटू लागतो. म्हणून ओढ्याकाठी निळ्या कापडाचे छोटे तुकडे रोवतात, शेजारी कीटकनाशक लावलेली जाळी. निळ्या रंगाकडे आलेली माशी जाळीला धडकते आणि मरते.

औषधही बदललं. पूर्वीच्या आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रोलनेच वीसातला एक रोगी दगावे. आता फेक्सिनिडाझोलच्या गोळ्या दहा दिवस घ्यायच्या.

आप्पा, गुरांना होणाऱ्या सर्ऱ्याचा परजीवी निद्रारोगाच्या परजीवीच्याच कुळातला. तो गोमाश्यांतून पसरतो. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ते नव्हतं, म्हणून २००४ मध्ये त्याला सर्रा झाला. तेव्हा असे आजार फक्त परक्या मुलखातले समजू नका.

१९९८ मध्ये आफ्रिकेत निद्रारोगाचे चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. २०१८ पासून वर्षाला हजारही नाहीत. पण १९६० च्या दशकातही तो असाच आटला होता. तपासणी सैल पडली आणि तो परतला. रुग्ण कमी होतात, तेव्हाच तपासणीचा पैसा आणि माणसं टिकवायला हवीत.

तुमची लेक