क्वेबेकच्या रस्त्यावर फ्रेंचचा तास

लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. नववीच्या फ्रेंच वर्गाची सहल, मे 2024, क्वेबेक शहर, मुक्काम तीन रात्री, सोबतीला चार पालक हवेत. आमच्या सौ.नी चिठ्ठी वाचून आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आम्ही मुकाट्यानं सही केली. शिवाय फुकटात क्वेबेक बघून होईल हा मनातला हिशेबही होताच. (पालकांनीही पैसे भरायचे असतात हे नंतर कळलं. असो.)

आम्हाला फ्रेंचचा गंध नाही. पुण्याला कॉलेजात असताना काही मित्र फ्रेंच शिकायला जात, त्यातले निम्मे भाषेसाठी जात नव्हते. आम्ही तेवढेही गेलो नाही. त्यामुळे आपण बसमध्ये मुलं मोजायची, रात्री दारं लागली का बघायचं आणि उरलेल्या वेळात फोटो काढायचे, अशी आमची समजूत होती. ही समजूत बॉस्टन सुटून तासाभरात गेली. फ्रेंचच्या बाईंनी, म्हणजे मुलांच्या भाषेत 'मादाम'नी, प्रत्येकाच्या हातात लोटोचा कागद दिला. आपल्या हळदीकुंकवात तंबोला खेळतात ना, तोच. आकडे मात्र सत्तर ते नव्याण्णवमधलेच! पालकांनाही कागद. सुटका नाही.

वाचकहो, फ्रेंच माणसाला सत्तरसाठी शब्द नाही. तो 'साठ-दहा' म्हणतो. ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि नव्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ', कात्र-व्हॅं-दीझ-नफ. आम्हाला आमची आजी आठवली. ती आंबे मोजताना 'तीन विसा नि पाच' म्हणायची आणि आम्ही शहाणे तिला हसायचो. न्यू हॅम्पशायरचे डोंगर मागे पडून व्हरमाँटची हद्द लागेपर्यंत बसमधली चोवीस मुलं हे आकडे ओरडत होती. आमच्या मंडळाच्या रविवारच्या शाळेत 'एकोणऐंशी'पाशी गाडी अडते आणि आम्ही पाढ्यांचा तक्ता भिंतीला लावून मोकळे होतो, हे तेव्हा उगीचच मनात येऊन गेलं.

संध्याकाळी सेंट लॉरेन्स नदीवरच्या पिएर लापोर्त पुलावरून शहरात शिरलो. शेजारीच जुना क्वेबेक पूल दिसतो. मुलं फोनमध्ये डोकं घालून होती, पण आमच्यातला इंजिनियर खिडकीला चिकटला. 549 मीटरचा मधला गाळा, आजही कँटिलिव्हर पुलांमध्ये जगात सर्वांत लांब. पण हा पूल बांधताना दोनदा कोसळला. 1907 साली 75 कामगार गेले, 1916 साली मधला भाग उचलताना आणखी 13. पहिल्या वेळी गाळ्याची लांबी वाढवली, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब पुन्हा नीट केलाच नाही. लोखंडाचे भाग वाकू लागलेत हे जागेवरच्या माणसांना दिसत होतं, तरी काम वेळेत थांबलं नाही. शेवटी 1917 साली पूल पुरा झाला. आम्ही हे शेजारच्या मुलाला सांगू लागलो, तर मादाम हसून म्हणाल्या, "फ्रेंचमध्ये सांगा." आम्ही गप्प.

दुसऱ्या दिवसापासून खरी मजा सुरू झाली. जुनं क्वेबेक दोन मजली आहे. वर तटबंदी, किल्ला आणि शातो फ्रोंतनाक हे 1893 सालचं राजवाड्यासारखं हॉटेल. खाली नदीकाठी 1608 साली साम्युएल द शांप्लेननं वसवलेली मूळ वस्ती, दगडी घरं, अरुंद गल्ल्या. दोन्हींना जोडणाऱ्या एका उभ्या जिन्याचं नाव 'कास-कू', म्हणजे मानमोड जिना. आमच्या गुडघ्यांनी या नावाला दुजोरा दिला. 1985 पासून हा सगळा भाग जागतिक वारसा म्हणून जपला जातो. मेक्सिकोच्या उत्तरेला अजून तट शाबूत असलेलं हे एकच शहर. पण मुलांना हे कुणी भाषण ठोकून सांगितलं नाही. चौघा-चौघांचे गट केले, सगळे फोन एका पिशवीत जमा केले (पिशवी आमच्या खांद्यावर), आणि वीस प्रश्नांचा कागद दिला. अट एकच. उत्तर माणसाला विचारून मिळवायचं, पाटी वाचून नाही.

गटात एकानं विचारायचं, एकानं लिहायचं, एकानं नकाशा धरायचा, एकानं घड्याळ बघायचं, आणि तासाभरानं कामं बदलायची. ही युक्ती आम्हाला फार आवडली. नाहीतर प्रत्येक वर्गात दोन बोलकी पोरं सगळं ओरबाडून नेतात आणि बाकीची मान डोलावतात. आमची लेक मान डोलावणाऱ्यांतली. तिच्यावर विचारायची पाळी आली तेव्हा प्रश्न होता, गाड्यांच्या पाट्यांवर 'ज्यू म सुव्हिएं' लिहिलंय, म्हणजे 'मला आठवतं', तर काय आठवतं? तिघांना विचारा. फळवाल्या बाई म्हणाल्या, 1759 ची लढाई. (वरच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांना तासाभरात हरवलं आणि दोन्हीकडचे सेनापती प्राणाला मुकले, ती ही लढाई.) एक म्हातारबुवा म्हणाले, आमची भाषा. तिसरा कॉलेजातला मुलगा खांदे उडवून म्हणाला, कुणालाच नक्की माहीत नाही. लेकीनं तिन्ही उत्तरं लिहून आणली, आणि तिचा चेहरा असा फुललेला आम्ही बऱ्याच दिवसांनी पाहिला.

म्हातारबुवांचं बोलणं खोटं नाही. भोवती इंग्रजीचा महासागर आणि मध्ये हे फ्रेंच बेट. 1977 च्या कायद्यानं इथे फ्रेंचला पहिला मान दिला. बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी सरकारी शाळेत फ्रेंचमधूनच शिकायचं असा सर्वसाधारण नियम आहे, मग ते मूल मराठी घरातलं का असेना. खुद्द फ्रान्समध्ये रस्त्यावर 'स्टॉप' लिहितात, इथे मात्र 'आरे' असं लिहिलेलं असतं. 'आरे' म्हणजे थांबा! मुंबईच्या माणसाला दूध आठवेल, आम्हाला तर दर चौकात कुणीतरी "अरे!" म्हणून हटकतंय असं वाटायचं.

प्लास रॉयालच्या जवळ एका घराच्या अख्ख्या भिंतीवर मोठं चित्र रंगवलंय. खिडक्याखिडक्यांतून क्वेबेकच्या इतिहासातली माणसं डोकावतात. तिथे 'मी कोण?' हा खेळ झाला. एकानं मनात एक माणूस धरायचा, बाकीच्यांनी विचारायचं, तू बाई आहेस का, तुला टोपी आहे का, तू बोटीनं आलास का. उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रश्न तेच तेच, पण ओळखायची ओढ अशी की पोरं तीच वाक्यं पन्नास वेळा म्हणतात आणि कंटाळत नाहीत. दुफरॅं गच्चीवर, खाली नदी नि बोटी, एकाच्या डोळ्यांना पट्टी बांधून 'डावीकडे, उजवीकडे, सरळ' असं ओरडत त्याला बाकापर्यंत न्यायचं. सगळंच जमलं असं नाही. रात्री नाटुकली बसवायचा बेत साफ पडला. मुलं दमली होती, मादामही. त्यांनी पाच मिनिटांत तो गुंडाळला, हेही आम्हाला आवडलं.

तिसऱ्या दिवशी बाजार. 2019 साली उघडलेल्या 'ग्रां मार्शे'त प्रत्येकाला वीस डॉलर आणि सामानाची यादी, दुपारचं जेवण त्यातूनच. (दुपारच्या जेवणाला इथे 'दिने' म्हणतात आणि न्याहारीला 'देजने'. पॅरिसचं पुस्तक वाचून गेलेल्यानं उपाशी राहायची तयारी ठेवावी.) आमच्या यादीत तुर्तिएर, म्हणजे मांसाचा पाय. आम्ही शाकाहारी, पण विकत घ्यायला सोवळं कशाला? रांगेत उभे राहून वाक्य घोकलं. आणि खिडकीपाशी पोचताच आम्ही पुन्हा 2003 साली एम. एस. ला आलेले, सँडविचच्या दुकानात 'कुठला ब्रेड, कुठलं चीज' या सरबत्तीपुढे घाम फुटलेले विद्यार्थी झालो. तोंडातून निघालं, "अँ तुर्तिएर." दुकानदारीण म्हणाली, "यून तुर्तिएर, वी मस्यू," आणि पुडकं बांधायला लागली. बस. चूक पुल्लिंगाची होती. तिनं बरोबर करून दिली, पण आम्हाला थांबवलं नाही, हसली नाही. मागे लेक उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

रात्री मादामनी भिंतीवर मोठा कागद लावला. दिवसभर त्या कुणालाही बोलताना टोकत नसत. खिशातल्या वहीत वाक्य टिपून ठेवत आणि रात्री ती दहाबारा चुकीची वाक्यं, कुणाचीही नावं न घालता, लिहीत. मग सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची. सातवं वाक्य आमचं होतं. चोवीस मुलांतलं एक उठलं, 'अँ' खोडून 'यून' लिहून बसलं. लेकीनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही.

आता सांगायलाच हवं. आदल्या वर्षीच्या गणपतीत घरी वीस-बावीस माणसं होती. लेक आरतीचं तबक घेऊन आली आणि म्हणाली, "माझा आई येतो." सगळे हसले. पहिले आम्ही हसलो, आणि वर ते वाक्य दोघा-तिघांना पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून तिनं घरात मराठी बंद केलं. नाशिकला आजीशीही "हाय आजी, आय अ‍ॅम गुड" एवढंच. सौ.नी दोनदा बजावलं होतं, आम्ही 'वयच तसं असतं' म्हणून सोडून दिलं होतं.

परत येताना बसमध्ये आम्ही तिच्या शेजारी बसलो. व्हरमाँट येईपर्यंत शब्द जुळवत होतो. शेवटी एवढंच म्हटलं, "त्या गणपतीत मी हसायला नको होतं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "यू वेअर स्वेटिंग, बाबा." आणि हसली.

पुढच्या रविवारी नाशिकचा फोन लागला तेव्हा आम्ही आजीला 'मी कोण?' चे नियम समजावले. आजीला पत्त्यांपासून सगळे खेळ चालतात. लेक बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आजी, माझा मिशी मोठा आहे."

सौ.नी आमच्याकडे पाहिलं. आम्ही हाताची घडी घालून बसलो.

"मिशी मोठी आहे होय तुझी?" आजी म्हणाली. "मग टिळक!"

"नाही."

"पोलीस?"

"नाही. माझी मिशी मोठी आहे, आणि... माझा सायकल आहे."

"सायकल कसली? लाल का? सकाळी येतोस का तू?"

"हो! हो!"

"अगं बाई, दूधवाला!" आजी एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या खोलीतून आमचा धाकटा धावत आला. "पण तो तर दिवाळीनंतर गावाकडे गेला गं कायमचा. आता पिशवीचं दूध. बरं, थांब, आता माझी पाळी."