शरणपूरचा पाडवा

नाशिकला जाणारा माणूस काय पाहतो? गंगेवर जातो, रामकुंडात पाय बुडवतो, काळ्या रामाचे दर्शन घेतो, सीतागुंफेतून वाकून बाहेर येतो आणि परतताना चिवड्याची पुडी व दिवस असतील तर द्राक्षांची पेटी घेऊन गाडीत बसतो. शरणपूर रोड त्याला ठाऊक असतो तो दुकानांसाठी आणि दवाखान्यांसाठी. मी रिक्षावाल्याला विचारले, "शरणपूर कुठं आलं हो?" तो म्हणाला, "बाई, शरणपूर रोडवरच तर चाललोय की आपण!" गाव विरघळून गेले, रस्त्याला नाव तेवढे उरले.

गाव मात्र खरोखरच होते. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक शहराबाहेर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. त्या काळी धर्म बदलला की घर तुटे, विहीर तुटे, न्हावी-परीटही तुटत. अशांना राहायला जागा आणि हाताला काम मिळावे म्हणून हे शरण आलेल्यांचे पूर. पण इथे शरण आले ते सगळे आपल्याच मुलखातले नव्हते. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून इंग्रजी आरमार आफ्रिकन मुले सोडवी आणि मुंबईला उतरवी. त्यांतली कितीतरी मुले नाशिकला आली, इथे लिहायला-वाचायला आणि सुतारकी-लोहारकी शिकली. डॉ. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या सफरीत त्याच्याबरोबर 'नाशिकची पोरे' होती. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या अरण्यात वारला, तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना वाचली ती शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटने. पुढल्या एप्रिलात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंग्स्टनची शवपेटी नेताना तो मानकऱ्यांत होता. पुढे यांतले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रेअरटाऊन वसाहतीत गेले. आपल्या नाशिकचा असाही एक धागा आफ्रिकेच्या किनाऱ्याला बांधलेला आहे, हे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना कुणी शिकवले नाही. आम्ही फार तर रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंपाशी थांबतो. त्या लक्ष्मीबाईही इथल्याच. जवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि १९३६ मध्ये नाशिकातच त्या गेल्या.

मी गेले होते ते मात्र संशोधनासाठी नव्हे. एम. ए.ला माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण नगरच्या ख्रिस्ती घरातली. तिचे सासर नाशिकचे. मखमलाबादच्या पुढे त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. वीस वर्षे ती मला बोलवत होती. २०२४ च्या दिवाळीत जमले. त्या वर्षी पाडवा आला २ नोव्हेंबरला, आणि २ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंचांगात मृतांच्या स्मरणाचा दिवस. "एका दिवसात दोन्ही बघून घे," असे तिने फोनवर सांगितले. तिसरी एक गोष्ट तिने सांगितली नाही, ती मला पहाटे साडेपाचला कळली.

ऑक्टोबरात बागेची गोडी छाटणी होते. छाटल्यावर आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात, कोंब येतात, आणि अठरा-वीस दिवसांनी वेलीवर नुसती दाटी होते. ज्या फुटीला घड नाही ती काढून टाकायची. तिचे नाव फेलफूट. इंग्रजी 'फेल' आणि मराठी 'फूट' यांचा असा बेमालूम समास मी कुठल्याच व्याकरणात पाहिलेला नाही. हे काम वेळेवर झाले नाही तर आत वारा खेळत नाही, औषधाची फवारणी घडापर्यंत पोचत नाही. मग दव किंवा पाऊस पडला की 'डावणी' बसते. पुस्तकात या रोगाला केवडा असे सुवासिक नाव आहे. शेतात त्या नावाने कुणी हाक मारत नाही. पानावर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी, आणि कोवळ्या घडावर बसली तर चार दिवसांत घड काळा.

बागेतले मजूर पेठ-सुरगाण्याकडचे. ते सणाला गावी गेलेले. चौदा ओळी राहिलेल्या. आणि आभाळ भरून आलेले.

भावोजी पहाटेच बॅटरी घेऊन मांडवाखाली शिरले होते. मला पाहून म्हणाले, "या. सणाला आलात आणि आम्ही हे असे." त्यांची मुलगी, कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, तिने मला दहा मिनिटांत काम शिकवले. "मावशी, घड दिसला की हात मागे. नाही दिसला की मोडा." ऐकायला सोपे. मांडवाखाली मान वर करून दोन तास उभे राहिल्यावर मान हा अवयव कशासाठी दिला आहे याचा नीट विचार होतो. शेजारच्या रानात पांढरे चुना मारलेले दगड ओळीने रोवलेले दिसत होते. मी विचारले, "तिथे काय लावलंय?" भावोजी म्हणाले, "प्लॉट." त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याचे म्हणणे, बाबांनी आता विकावे. मुलीचे म्हणणे, विकायचे नाही. दोघांच्या मधे भावोजी, आणि त्यांच्या डोक्यावर सोसायटीचे पीककर्ज.

नऊ वाजता वहिनी (माझी मैत्रीण, पण बागेत सगळे तिला वहिनीच म्हणतात, मग मीही) न्याहारी घेऊन आली. डब्यात चकल्या, अनारसे, बेसनाचे लाडू. "हे तू केलंस?" "छे, शेजारच्या पाटलीणकाकूंचं. नाताळात त्यांचं ताट माझ्या करंज्या घेऊन जातं. आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत." या घरात लक्ष्मीपूजन नाही, पण अंगणात पणत्या आणि दारावर आकाशकंदील होता. तोच कंदील नाताळात तारा होऊन पुन्हा टांगला जातो, नुसता कागद बदलतो.

खरा पेच न्याहारीच्या वेळी निघाला. दुपारी मंडळीच्या तरुण संघाने आणि महिला मंडळाने दफनभूमी साफ करायची होती. दरवर्षीचे काम. गाजरगवत काढायचे, थडग्यांना चुना द्यायचा, पुसट नावे रंगवायची, संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या. भावोजी या कामाचे पुढारी. ते म्हणाले, "औंदा मला जमणार नाही. मेलेल्यांना उद्या चालेल, बागेला नाही चालणार." बोलण्यात चूक काहीच नव्हती. पण आजी, म्हणजे त्यांच्या आई, बाजेवर बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्या काही बोलल्या नाहीत, हातातली चकली मात्र त्यांनी ताटात परत ठेवली.

मैत्रिणीने मला मागाहून सांगितले. आजींचे पहिले मूल आठ दिवसांचे असताना गेले. पुरले त्या दफनभूमीतच, पण तेव्हा दगड घालायला पैसे नव्हते आणि आता जागा नक्की सांगता येत नाही. चिंचेच्या बाजूला, एवढेच. म्हणून ज्या थडग्यांना वारस नाही त्या प्रत्येकावर एक मेणबत्ती लागलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट असतो. कुठेतरी ती त्याला पोचेल.

मुलीने कुणाला न विचारता फोन फिरवले. अकराच्या सुमारास तरुण संघातले सहा जण मोटारसायकलींवरून आले, "सलाम आजी" म्हणाले आणि मांडवाखाली शिरले. कथेत असते तर सगळे झटपट झाले असते. इथे सहांतल्या दोघांनाच काम येत होते. एका उत्साही तरुणाने घड असलेल्याच फुटी भराभर मोडल्या, तेव्हा भावोजींनी त्याला तिथून काढून पाणी वाटायला बसवले. दोनपर्यंत नऊ ओळी झाल्या. पाच राहिल्या. भावोजींनी आभाळाकडे पाहिले, आजींकडे पाहिले आणि हात धुतले.

दफनभूमीत मला वेगळेच काम मिळाले. रंगाचा डबा घेतलेल्या एका मुलाला कुणीतरी सांगितले की या मराठीच्या बाई आहेत. झिजलेल्या दगडांवरची अक्षरे मी वाचून दाखवायची, त्याने ती गिरवायची. 'प्रभूमध्यें झोंपी गेली' असे एका दगडावर होते. मुलगा थबकला. "बाई, हे टिंब चुकीचं आहे ना? काढू का?" म्हटले, ही बाई १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी गेली आहे, तिचा अनुस्वार तिच्यापाशी राहू दे. त्याने तो फार जपून रंगवला. यमुनापर्यटनापासून स्मृतिचित्रांपर्यंत मी वर्गात ख्रिस्ती मराठी शिकवते, पण ती अशी बोटाने चाचपून कधी वाचली नव्हती.

संध्याकाळी पाळकांनी प्रार्थना केली. बाया-माणसे आपापल्या दगडांपाशी उभी राहिली. पलीकडे शहरात पाडव्याचे फटाके उडत होते. आजींना खुर्चीसकट चिंचेच्या बाजूला नेऊन ठेवले. त्या एकेका मेणबत्तीकडे बोट दाखवत, "ती विझली, ती लाव," असे नातीला सांगत राहिल्या. वाऱ्याने निम्म्या विझत होत्या, ती पुन्हा लावत होती.

घरी पोचलो तेव्हा थेंब पडू लागले होते. मोठा पाऊस झाला नाही, पण पान ओले व्हायला तेवढे पुरते. पाऊस थांबताच भावोजींनी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला, पाटलांचा मुलगाही आपला घेऊन आला. रात्री साडेअकरापर्यंत दोन दिवे बागेतून पुढेमागे जात होते.

फेब्रुवारीत मला द्राक्षांची पेटी आली. बरोबर मैत्रिणीची चिठ्ठी होती. राहिलेल्या पाच ओळींतल्या तीन डावणीने गेल्या, बाकी माल बरा निघाला, कर्जाचा हप्ता भरला. मुलगा सुट्टीला येऊन गेला, विकण्याचा विषय या वेळी त्याने काढला नाही, यांनीही नाही. आजींनी विचारले आहे की पुढल्या २ नोव्हेंबरला येणार का, कारण चिंचेच्या बाजूचे अजून चार दगड वाचायचे राहिलेत.