दुबेला बसवा!

२०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी होती : दुबेला बसवा. आयर्लंडविरुद्ध नाबाद ०, पाकिस्तानविरुद्ध ९ चेंडूंत ३, वर रिझवानचा कॅच सोडलेला. सॅमसन आणि जैस्वाल बाहेर, आणि हा आत! मागणी अगदीच चुकीची नव्हती म्हणा.

हे आज आठवायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. बिलोलीला असतो, बारावीला आहे, टेनिस बॉलवर लांब लांब सिक्स मारतो. मारतो म्हणजे, बसला तर! गेल्या पाच मॅचमध्ये तीन भोपळे. रविवारी फोन आला, "काका, कुंडलवाडीच्या मॅचला मला बसवलालेत." त्यात दादाचं वेगळंच चाललंय : बॅट माळ्यावर टाक आणि पोलीस भरतीची तयारी कर.

मग मी त्याला शिवम दुबेची गोष्ट सांगत बसलो. (पुण्यातून फुकट सल्ले द्यायला काय जातं!)

डिसेंबर २०१८ मध्ये वानखेडेवर बडोद्याविरुद्धच्या रणजी सामन्यात दुबेनं एका ओव्हरमध्ये पाच सिक्स मारले. दुसऱ्याच दिवशी आयपीएलचा लिलाव होता. बंगळुरूनं ५ कोटी मोजले. पण पहिल्या सीझनला खेळवलं किती, तर चार मॅच. २०१९ च्या नोव्हेंबरात भारताची कॅप मिळाली आणि २ फेब्रुवारी २०२० ला माउंट माँगानुईला त्याच्या एका ओव्हरमध्ये ३४ धावा गेल्या. ती मॅच आपण ७ धावांनी जिंकलो, हे कुणाच्या लक्षातही नाही. ३४ मात्र सगळ्यांना पाठ. त्यानंतर भारतीय संघात परत यायला ऑगस्ट २०२३ उजाडलं.

मधल्या काळात काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२२ मध्ये चेन्नईनं त्याला ४ कोटींना घेतलं आणि काम ठरवून दिलं : मधल्या ओव्हर्समध्ये जायचं आणि स्पिनर्सना मारायचं. आखूड चेंडूवर तो अडचणीत येतो, हे अख्ख्या जगाला माहीत होतं, त्यांनाही होतं. तरी एक-दोनदा फसला म्हणून कुणी त्याचं काम बदललं नाही. २०२३ ला इम्पॅक्ट प्लेयरचा नियम आला, त्यामुळे बॉलिंगचं ओझंही बरंचसं उतरलं. त्या सीझनला ४१८ धावा आणि ३५ सिक्स!

आता हिशोब बघा. २०-२५ चेंडूंत सामना फिरवणारा माणूस हवा असेल, तर पहिल्या-दुसऱ्या चेंडूवर आऊट होणाराही तोच असणार. प्रत्येक भोपळ्यानंतर जागा जायची भीती असेल, तर तो १५ चेंडूंत १२ करायला लागेल. तसं खेळणारे टीममध्ये आधीच चार-पाच असतात. मग याला घेतला कशाला? अर्थात संयम म्हणजे काहीही खपवून घेणं नव्हे. नेटमध्ये आखूड चेंडू रोज खेळायलाच हवेत. पण त्याची परीक्षा एका मॅचवर घेऊ नये, इतकंच.

बरं, वर्ल्ड कपमध्ये दुबेला बसवलं नाहीच. अमेरिकेविरुद्ध त्यानं अवघड पिचवर नाबाद ३१ केले, सेमीफायनलला पुन्हा पहिल्याच चेंडूवर शून्य (ग्रुप पेटला!), आणि तरीही २९ जूनला बार्बाडोसच्या फायनलमध्ये तो होता. १६ चेंडूंत २७. ती मॅचही आपण ७ धावांनीच जिंकलो. योगायोग, दुसरं काय.

असो. काल दादाला फोन केला. भरतीची तयारी सकाळी करू दे, संध्याकाळी खेळू दे, आणि हा सीझन संपेपर्यंत घरात स्कोअर विचारायचा नाही, एवढंच मागितलं. दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बरं, नाही विचारत. पण भोपळा घेऊन आला की जेवत नाही तो. त्या रात्री त्याला फोन तू करायचास."

केला असता तर आजच करावा लागला असता. पण आज त्याला खेळवलंच नाही.