ब्रेकमध्ये कसर नको

खोपोलीत आमची जुनी गाडी भाड्याने चालते. गेल्या पावसाळ्यात मागच्या चाकातून करकर आवाज येऊ लागला. मी म्हणालो, "लोणावळ्याचं भाडं करून येतो, मग बघू." मुलगी म्हणाली, "पप्पा, येताना बोरघाट उतरायचाय." ३७ फुटांना १ फूट असा चढ असलेल्या याच घाटात १८६३ साली रेल्वे आली. कर्जतला आजही चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन जोडतात. तिथे आमच्या गाडीची काय कथा! भाडे सोडले.

आमच्या गाडीला मागेही डिस्कब्रेक आहेत. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. पॅड पार झिजले होते. त्यांची इशारापट्टी डिस्कला घासत होती. आवाज तिचाच.

नवे जाड पॅड बसवायला पिस्टन आत सारावा लागतो. पुढच्या चाकाचा सरळ दाबला जातो. मागच्याला हँडब्रेक जोडलेला, म्हणून तो दाबत दाबत फिरवायचा. जबरदस्ती केली तर कॅलिपर खराब होतो. मुलीने बॅटरी धरली, मी फिरवला. दोन्ही चाकांचे पॅड बदलले.

गाडी चालू करणार, तोच ती म्हणाली, "आधी पेडल दाबून बघा." दाबले, तर पाय थेट तळाला! मागे सारलेला पिस्टन अजून पॅडला भिडलाच नव्हता. चार-पाच वेळा दाबल्यावर पेडल घट्ट झाले. तसाच उतारावर निघालो असतो तर?

गरिबाच्या घरात कसर करावीच लागते. ती चहात करावी, कपड्यात करावी, ब्रेकमध्ये नको. आणि मुलींच्या हातीही पान्हा द्यावा.