कापसाच्या मुलखातली गिटार

प्रिय बेटा,

गिटारच्या क्लासमधल्या पोरांना वेगाचं वेड लागलंय आणि तुझ्या ब्लूजला ती जुनाट म्हणतात, हे तुझ्या आईकडून कळलं. म्हणून हे पत्र. ब्लूज सोडू नकोस. आपल्या विदर्भातल्या माणसाला तर ते परकं वाटायचं काही कारणच नाही.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तशी इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं सुरू झाली. तिकडे गुलामगिरी कायद्यानं गेली, पण मिसिसिपीच्या डेल्टात काळी माणसं गोऱ्या मालकाच्या जमिनीवर बटईनं कापूस पिकवत राहिली. हिशेबाची वही मालकाकडे, त्यामुळं हंगाम संपला तरी कर्ज उभंच. त्या शेतांतून ब्लूज आलं. वही सावकाराकडे असणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ब्लूजचा गिटारवादक बी. बी. किंग १९२५ साली त्या डेल्टातच जन्मला. त्यानं कापूस वेचला, मळ्यावर ट्रॅक्टर चालवला. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट तारांवर नळी घासून गिटार रडवायचा. किंगला ते काही जमेना. तोच थरथरता आवाज नुसत्या बोटानं काढायच्या खटपटीत त्याचा तो कंप तयार झाला, ज्यावरून तो एका सुरात ओळखू येतो. गाताना तो वाजवत नसे. आधी ओळ गायची, मग ल्युसिलनं, म्हणजे त्याच्या गिटारनं, उत्तर द्यायचं. शाहीर आणि झीलकरी आठव. तार ओढून तो सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे नेतो, तिथं क्षणभर थांबतो. तुझ्या आजीच्या गळ्यात ही जागा होती. तिनं ती लगेच ओळखली असती.

डेल्टातल्याच मडी वॉटर्सचं पाहा. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क, तो राहायचा त्या स्टोव्हॉलच्या मळ्यावर ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेले. मडीनं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि आपण गाऊ शकतो याची त्याला खात्री पटली. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून हातात इलेक्ट्रिक गिटार आली. पुढचं रॉक संगीत बरंचसं त्यातून उभं राहिलं. इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्सनी तर आपलं नावच मडीच्या गाण्यावरून घेतलं.

डेल्टाचाच ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यानं चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून कला मिळवली, ही दंतकथा मला मुळीच आवडत नाही. गरीब काळ्या पोरानं रात्र रात्र केलेला रियाज त्यात पुसला जातो. सत्ताविसाव्या वर्षी, १९३८ मध्ये, तो गेला. मागे उरली अवघी २९ गाणी.

बारा मात्रागट, तीन कॉर्ड, एवढ्याच सामानावर हे संगीत शंभर वर्षं टिकलं. चौकट इतकी साधी, की आत शिरायला कुणाची परवानगी लागत नाही. शिरल्यावर मात्र लपायला जागा नाही. तुझ्याजवळ सांगण्यासारखं काय आहे ते लगेच ऐकू येतं. आणि सांगण्यासारखं आपल्याकडेही तेच आहे: बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून इथले अस्पृश्य आणि तिथले काळे यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. वामनदादा कर्डकांची भीमगीतं आणि ब्लूज एकच आहेत असं मी म्हणणार नाही. भीमगीतांत मुक्तीची घोषणा आहे, ब्लूजमध्ये बहुतेकदा एकट्या माणसाची कैफियत. पण दोन्ही गाणारे ज्या उन्हातून आले, ते ऊन सारखंच.

आता 'लाइव्ह ॲट द रीगल' ऐक. किंगनं ते १९६४ मध्ये शिकागोत मुद्रित केलं. त्याच्या प्रत्येक ओळीला श्रोते कशी दाद देतात, तिकडे कान दे. आठवडाभर एकाच तारेवर, तीनच सुरांत वाजव. आणि दसऱ्याला नागपूरला ये. दीक्षाभूमीच्या आसपास गाणारे भेटतात, त्यांना आपण सोबत ऐकू, गिटारही आण.

तुझी,
मावशी